धाबळीचा चेंडू

१५ नोव्हेंबर १९४३, सोमवार. कोरेगाव.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. निम्म्या मुली अजून मामाच्या गावी. सातवीत नऊ हजर. दुपारी अभ्यास होईना, म्हणून लगोरी लावली. हौसाने पहिल्याच नेमात सातही ठिकऱ्या उडवल्या. चेंडू तसाच पुढे गेला तो बाभळीत, आणि काट्यावर फुटला. मुली हसल्या, मग एकदम गप्प. शाळेतला शेवटचा रबरी चेंडू.

हौसा फुटका चेंडू ओंजळीत घेऊन आली.

"बाई, म्या मुद्दाम न्हाई केलं."

"ठाऊक आहे गं मला."

"शिक्षा करा."

"बाभळीला करू."

तेव्हा कुठे हसली.

गावाबाहेरच्या वस्तीतून येणारी ही एकटीच. तिचं बस्कर वेगळं, दाराजवळ. मी इथे आले तेव्हापासून तसंच आहे. मी बदललं नाही. बाप पलटणीत हवालदार. मागच्या रजेहून परत जाताना मला सांगून गेला, "बाई, हिला फायनल करा. मास्तरीन झाली पायजे." मी हो म्हटलं. एप्रिलात सातवीची फायनल परीक्षा. होईल. हुशार आहे.

१७ नोव्हेंबर, बुधवार.

चेंडूचा शोध. पेठेतल्या दुकानदाराने हात झटकले. "बाई, रबर सगळं लष्कराच्या चाकांना. पोरींच्या खेळाला कुठलं?" साताऱ्याला निरोप धाडला. सांगलीला माईला पत्र टाकलं. बहिणीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

पुण्याच्या कॉन्व्हेंटात चेंडूंची टोपली भरलेली असे. खेळाच्या सिस्टर झगा दोन्ही हातांनी उचलून धावत. कमरेची जपमाळ खुळखुळे. मी सांगलीहून नवीन आलेली, दहा वर्षांची. मला कृष्णेच्या घाटावरची आबाधुबी तेवढी माहीत. चेंडू हातात आला की समोरच्याच्या पाठीत हाणायचा, एवढाच खेळ. पहिल्या दिवशी हाणला, तो सिस्टरच्याच पाठीत. सगळं मैदान थिजलं. त्या वळल्या, आणि हसत सुटल्या. चाळीस वर्षं होऊन गेली. ते हसणं अजून कानात आहे.

२२ नोव्हेंबर, सोमवार.

माईचं उत्तर. सांगलीतही नाही. साताऱ्याहून उत्तरच नाही.

मुलींना म्हटलं, आपणच करू. प्रत्येकीने घरून एक चिंधी आणायची. आज आणल्या. पाटलांच्या इंदूने आईच्या इरकली लुगड्याचा काठ. धनगराच्या बाणूने बापाच्या मुंडाशाचा लाल तुकडा. हौसाने आईच्या निळ्या लुगड्याची पट्टी, धुऊन, घडी घालून. एकीवर एक गुंडाळत गेलो. वरून सुतळीची जाळी. टणक झाला, गोल झाला. कुणाची चिंधी कुठे गेली ते शेवटी कुणालाच सांगता येईना.

आनंद झाला. लिहून ठेवते, फार दिवसांनी झाला.

२४ नोव्हेंबर, बुधवार.

चेंडू गेला.

इंदूने काल घरी नेला, धाकट्यांना दाखवायला. आईने विचारलं, कुणाकुणाची चिंधी आहे गं यात? पोरीने सगळ्यांची नावं घेतली. अभिमानाने घेतली असणार. चेंडू पाणी तापवायच्या चुलीत, आणि इंदूला डोक्यावरून अंघोळ.

संध्याकाळी पाटलीणबाई स्वतः आल्या. रागावलेल्या नव्हत्या. तेच अवघड.

"आवं बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. सुती चिंधी ती. तिच्या घरची, आन माज्या लुगड्याच्या काठावर गुंडाळली? आमच्या घरात देव हायती."

"रबरी चेंडूने तर इतके दिवस सगळ्या खेळत होत्या."

"रबराचं कुणाला ठावं? त्ये सायबाचं. सुताचं आमाला ठावं हाय."

"मुली आहेत हो. खेळतात."

"खेळू द्या की. म्या कुटं न्हाई म्हंते? पोरगी गुणाची हाय. पर चेंडू अंगाला लागतो न्हवं? सुताचा चेंडू आसंल तर ती न्हाई, न्हाईतर आमच्या पोरी न्हाईत. चार घरचं बोलनं झालंया."

जाताना उसाची दोन कांडी ठेवून गेल्या. "गोड हाय, कोवळा हाय."

हौसाला काय सांगू? खरं सांगितलं नाही. चेंडू हरवला म्हटलं. इंदू खाली बघत होती.

२८ नोव्हेंबर, रविवार.

सकाळी वहिनी सोवळ्याची लोकरीची धाबळी नेसून देवाचं करत होत्या. शेजारची पोर धावत आली आणि त्यांना शिवली. वहिनी म्हणाल्या, "असू दे, धाबळी आहे." तसं तर जन्मभर ऐकत आले आहे. लोकरीला विटाळ नाही, रेशमाला नाही. सुताला आहे. पण आज पळी हातातच राहिली.

वहिनींना विचारलं, चेंडूच लोकरीचा केला तर? आधी हसल्या. मग खरोखर विचार करू लागल्या.

"माझी एक जुनी आहे, कसर लागलेली. ती घ्या. पण वन्सं, आत काय भरणार? आत चिंध्याच भरल्यात तर काय मिळवलं?"

"आतही लोकरच."

"आणि शिवणार कशाने? दोरा तर सुती."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वहिनींनी पेटी उघडली. विरलेल्या पैठणीचं रेशीम उसवून दिलं, हळूहळू, तुटू न देता. बाणूच्या घरून कच्ची लोकर मागवली. जेवणं उरकून दोघी ओटीवर बसलो ते ऊन उतरेपर्यंत. शिवण सुंदर जमली. सिस्टरने उसवून उसवून शिकवलेली शिवण.

आपल्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. खोटं कशाला लिहू?

१ डिसेंबर, बुधवार.

पाटलीणबाईंकडे चेंडू घेऊन गेले. त्यांनी हातात घेतला नाही, वाकून पाहिला.

"आत काय हाय?"

"लोकर."

"शिवलाय कशानं?"

"रेशमाने."

मग घेतला. दाबून पाहिला. "घोंगड्याला इटाळ न्हाई, आमच्यात बी म्हंत्यात. बाई, डोकं हाय तुमचं!" आणि शेजारणीला हाक मारून दाखवला.

मग त्यांची अजून एक अट. हौसाने लगोर रचू नये. नेम धरावा, चेंडू अडवावा, पण ठिकऱ्या रचायला बाकीच्यांबरोबर बसू नये. हाताला हात लागतो. मी बरं म्हटलं. एवढं तर एवढं. खेळायला तर मिळेल.

दुपारी खेळ सुरू.

९ डिसेंबर, गुरुवार.

चेंडू जड आहे, पण लांब जातो. हौसाच्या हातून सुटला की दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि ठिकऱ्या पसरतात.

आज खेळ संपल्यावर मागे राहिली.

"बाई, ह्यो लोकरीचा का केला?"

"लोकरीचा मार लागत नाही, म्हणून."

"आन म्या लगोर का रचायची न्हाई?"

"तुझा नेम चांगला. जिला जे येतं तिने ते करावं."

"व्हय."

तिचं 'व्हय' दोन प्रकारचं असतं. हे दुसरं होतं.

२० डिसेंबर, सोमवार.

थंडी. मुलींची नाकं लाल. बाणू ओरडली, "ए हौशे, डोळं मिटून मारतीस का गं?" हौसा म्हणाली, "तुला माराय डोळं कशाला पायजेत? म्हशीवानी उभी हायस, कुटं बी मारला तरी लागतोय." सगळ्या हसून लोळल्या. बाणूच जास्त.

मग इंदू पळता पळता पडली. हौसा जवळ होती, तिने हात देऊन उठवलं. उठवल्यावर दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी आभाळाकडे पाहिलं.

५ जानेवारी १९४४, बुधवार.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेचं पत्र. लगोरीचा सामना ठेवला आहे, २२ तारखेला. आमची शाळा पहिल्यांदाच बाहेर जाणार. वर्गात वाचून दाखवलं तर गोंधळ असा की शेजारचा सोनार बघायला आला.

हौसालाही बापाचं पत्र आलं आहे. सेन्सॉरचा शिक्का, दोन ओळी काळ्या केलेल्या. पायरीवर बसून तिने मला वाचून दाखवलं. "हौसाने खेळावे व परीक्षाही द्यावी. बाईंना माझा सलाम सांगावा." सलाम सांगताना उभी राहिली.

८ जानेवारी, शनिवार.

घरोघर फिरले. मुलींना परगावी पाठवायला आया तयार होईनात. शेवटी पाटलीणबाईंनी सगळ्यांच्या वतीने विचारलं, "चेंडू आपलाच न्हवं?"

"आपलाच."

"दुसऱ्या कसल्या चेंडूनं हौसासंगं खेळायचं न्हाई. शबूद द्या."

दिला.

२२ जानेवारी, शनिवार.

जिंकलो. आज लिहवत नाही.

२३ जानेवारी, रविवार.

आता लिहिते. नाही लिहिलं तर मी ते हळूहळू बदलून टाकीन. माझी सवय मला माहीत आहे.

सकाळच्या कोळशाच्या मोटारीने गेलो. नऊ मुली आणि मी. चढावर मोटार दोनदा बसली, उतरून चालावं लागलं. मुलींना तीही मजा. साताऱ्याची शाळा मोठी, पटांगण झाडून शिंपून ठेवलेलं. कडेला सतरंज्यांवर गावातल्या बायका बघायला आलेल्या. तिथल्या मुख्य बाई तरुण, बी.ए., चटपटीत. त्यांनी त्यांचा चेंडू आणला. कापडाचा, पांढरा, नवा.

"याच्यानेच खेळू. तुमचा किती जड दिसतो!"

"नाही, आमचाच घेऊ."

"का बरं? आमच्या चेंडूने काय घोडं मारलं?"

काहीही सांगता आलं असतं. आमच्या मुलींच्या हाताला याची सवय आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. हौसा न्हालेली, दोन वेण्या, पांढरं पोलकं, इतर आठजणींसारखीच. कुणी विचारलंही नव्हतं. कोरेगावच्या आया कोरेगावात, त्यांना कोण सांगायला जाणार होतं? पण मी शब्द दिला होता. दिलेला शब्द आणि खरं बोलणं. या दोन गोष्टींसाठी मी लहानपणी कॉन्व्हेंटात कितीदा गुडघ्यांवर उभी राहिले आहे.

मुलींना कळू नये म्हणून इंग्रजीत सांगितलं. हळू आवाजात, दोन वाक्यांत. एका मुलीची जात, बाकीच्यांच्या आया, लोकर.

त्या मराठीत ओरडल्या. "अगं बाई! कोणती? ती उंच?" आणि बोट केलं.

सगळं पटांगण तिकडे बघायला लागलं. साताऱ्याच्या मुली हौसाच्या आजूबाजूला उभ्या होत्या, त्यातली एक तर तिची वेणी हातात घेऊन लांबी बघत होती. तिने वेणी सोडली. सतरंजीवरून एका बाईने आपल्या मुलीला हाक मारली. मग दुसरीने.

"आधी नाही का कळवायचं?" त्या बाई म्हणाल्या. "माझं काही नाही हो. पण या बायका आल्यात. मला उद्या शाळा चालवायची आहे."

"चेंडू लोकरीचा आहे. शिवणसुद्धा रेशमाची." मी हे म्हणाले. माझा आवाज मला ऐकू येत होता.

"तुमच्या गावी चालत असेल. आम्हांला एवढं शास्त्र येत नाही. तिला बसवा. तुमच्याकडे आठजणी आहेत, आम्ही एक कमी करतो."

सामना सोडून सगळ्यांना घेऊन परत फिरायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. आज सुचलं असं नाही. पण आठ मुली माझ्याकडे बघत होत्या. दोन आठवडे त्या दुसरं काही बोलल्या नव्हत्या.

"हौसा, तू जरा बस."

"किती येळ?"

"जरा."

ती लिंबाखाली बसली. लोकरीचा चेंडू तिच्या हातातच राहिला. खेळ त्यांच्या पांढऱ्या चेंडूने झाला, कारण आता कशानेही चालत होतं.

पाच डाव. तीन आम्ही घेतले. शेवटच्या डावात बाणूने पाठीवर चेंडू बसायच्या आत सातवी ठिकरी ठेवली आणि "लगोरी!" अशी आरोळी ठोकली. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी टाळ्या वाजवल्या. वाजवत होते, आणि मग लिंबाकडे नजर गेली.

परतीच्या मोटारीत दाटी. आमच्या आठ, हौसा, मी, बाजारची माणसं, कोंबड्या. मांडीला मांडी. मुली दमून झोपल्या. इंदू हौसाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं. हौसा जागी होती. इंदूची झोप मोडू नये म्हणून सबंध वाट ताठ बसून होती. सुताला सूत लागत होतं. कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही.

कोरेगावला उतरल्यावर तिने चेंडू माझ्यापुढे धरला.

"म्हंजी ह्यो माज्यासाटी व्हता."

मी हात पुढे केला नाही.

"घ्या. मार लागत न्हाई म्हनालात. लागतोय की."

२४ जानेवारी, सोमवार.

हौसा आली नाही. बाकीच्या जिंकल्याच्या आनंदात. पाटलीणबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. म्हणाल्या, "बाई, शबूद पाळलासा." आणि मला दोन पेढे जास्त.

कॉन्व्हेंटात सिस्टरांना आमच्याबद्दल काही बोलायचं असलं की त्या आपसांत त्यांच्या देशाच्या भाषेत बोलत. आम्हां चार-पाच हिंदू मुलींकडे न बघता. एक शब्द कळत नसे. काय चाललंय ते मात्र पोटात कळायचं. मी हे विसरले कशी?

त्यांच्यावर माझी माया अजूनही आहे. त्याचंही काय करायचं ते कळत नाही.

२७ जानेवारी, गुरुवार.

आली नाही. बाणूबरोबर निरोप धाडला होता. बाणू म्हणाली, "बाई, ती शेणी थापत व्हती. म्हनाली, बाईन्ला सांग, हात शेणाचं हायती."

दारापाशी तिचं बस्कर तसंच आहे.

२ फेब्रुवारी, बुधवार.

उंब्रजच्या शाळेतल्या गुरुजींचं पत्र. ओळख ना पाळख. लिहितात, "आपल्या शाळेत योजिलेली युक्ती कर्णोपकर्णी कळली. आमचेकडेही तशीच अडचण आहे. चेंडूस लोकर किती लागते, व रेशमाऐवजी लोकरीच्याच धाग्याने शिवल्यास चालेल काय, हे कळविण्याची कृपा व्हावी."

दादाने वाचलं. "वा! नाव झालं की तुझं."

पत्र फाडलं. मग तुकडे गोळा केले, कारण पोस्टाचं तिकीट आत होतं, उत्तरासाठी पाठवलेलं. भले गृहस्थ असावेत.

६ फेब्रुवारी, रविवार.

वस्तीवर गेले. इतकी वर्षं या गावात, आज पहिल्यांदा. ओढ्यापलीकडे दहा मिनिटांची वाट.

हौसाची आई भागूबाई गडबडली. "आवं बाई, तुमी हितं? कशापायी आलासा?" मी ओट्यावर बसले. हौसा आत दळत होती. जात्याचा आवाज थांबला नाही.

"समजवा तिला," मी म्हटलं. "परीक्षा दोन महिन्यांवर आली."

"म्या लय समजावलं. न्हाई म्हंती. तिच्या बाला पत्र लिवायचं हाय, दर खेपंला तीच लिवती. ह्या खेपंला म्हंती, म्या न्हाई लिवत. शाळा का सुटली त्ये बाईन्लाच लिवाय सांग."

तर मला बोलावणं आधीच होतं. मीच आले नव्हते.

कागद गुडघ्यावर घेऊन लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. "हौसा पंधरा दिवस शाळेत आली नाही. साताऱ्यास सामना होता. तेथील लोकांस तिची जात कळल्यामुळे तिला खेळू दिले नाही. त्यामुळे तिचे मन दुखावले आहे."

जातं थांबलं.

"कशी कळली त्ये न्हाई लिवलं."

भागूबाई माझ्याकडे बघायला लागली. मी खाली लिहिलं, "मी सांगितले." वाचलं.

"आन लोकरीचं?"

तेही लिहिलं. धाबळी, रेशीम, सगळं. लगोर रचायची नाही, तेही. लिहायला बराच वेळ लागला. वहिनींच्या ओटीवर हे सगळं किती सोपं वाटलं होतं.

"आगं, बाईंनी तुज्यासाटीच केलं न्हवं त्ये?" भागूबाई म्हणाली.

"व्हय. माज्यासाटीच."

बाहेर आली. हाताला पीठ. कागद घेऊन स्वतः वाचला, ओठ हलवत, शेवटपर्यंत. "पत्ता म्या लिवते," म्हणाली. सुरेख अक्षर. मी गिरवून घेतलेलं.

उद्या येतेस का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी, सोमवार.

आली नाही. मुली लोकरीच्या चेंडूनेच खेळतात. म्हटलं, हौसा येत नाही, आता दुसरा कसलाही घ्या. तर इंदू म्हणाली, "आई म्हनती, ह्योच बरा. पुन्यांदा कुनी आली तर?"

मग इंदू हळूच म्हणाली, "बाई, ती आली तर तिला लगोर रचू द्यायची का?"

"तुला काय वाटतं?"

"मला? मला आदीपासनं चालत व्हतं."

२१ फेब्रुवारी, सोमवार.

भागूबाई शाळेच्या फाटकाशी उभी. हवालदाराचं पत्र आणलं होतं. हौसाने वाचलं होतं घरी, तरी म्हणे तुमीच वाचा.

चारच ओळी. "रजा मिळाली आहे. येतो. बाईंशी समक्ष बोलून ठरवीन. बाईंवर भरवसा वाटला तर हौसा परीक्षा देईल. नाहीतर तिला व तिच्या आईला छावणीत नेतो." रागाचा एक शब्द नाही. शेवटी सलाम होता. मागच्यासारखाच.

छावणीत गेली तर यंदाची फायनल गेलीच. आणि तिथे गेल्यावर शिकेलच याची खात्री काय? भागूबाई म्हणाली, तिकडं त्याच्या दोस्ताचा पोरगा हाय, लगनाचं बोलनं निघालंया. हौसा तेरा वर्षांची आहे.

२६ फेब्रुवारी, शनिवार.

काय बोलायचं त्याची रोज मनात तयारी करते. सगळी वाक्यं 'पण'पाशी येऊन थांबतात.

वर्गातलं दाराजवळचं बस्कर उचलून इंदूच्या ओळीत टाकलं. कुणी काही म्हणालं नाही. त्यावर बसणारी नसताना टाकलं, त्यात काय मोठेपणा?

३ मार्च १९४४, शुक्रवार.

हवालदार आला. काल मोटारीतून उतरताना बाणूने पाहिला. "बाई, लय झ्याक बूट हायती! आन इस्त्री!" आज दुपारी निरोप. उद्या सकाळी दहाला शाळेत येतो. हौसा बरोबर येणार का, ते निरोपात नव्हतं.

चहाच्या वेळी वहिनींना सांगितलं. त्या विचारात पडल्या.

"हवालदार म्हणजे मानाचा माणूस. त्यातून मुलीसाठी आलेला. उभं कसं ठेवायचं? आणि बसवायचं तर—" कपबशी खाली ठेवली. मग एकदम म्हणाल्या, "वन्सं, घोंगडी अंथरा की! लोकरीला चालतं. तुमचीच युक्ती."

लगेच उठल्या. कोठीतून नवी घोंगडी काढली, अंगणात झटकली, घडी घालून माझ्या हातात दिली. किती मनापासून दिली. कुणाचा मान राहावा म्हणून एवढी धावपळ त्या नेहमीच करतात.

दिवेलागणीच्या आधी किल्ली घेऊन शाळेत गेले. खुर्ची एकच आहे, माझी, वेताची. ओल्या फडक्याने पुसली. टेबलाच्या पुढे आणून ठेवली, येणाऱ्याला बसता येईल अशी. मग मी कुठे बसायचं? उभी राहीन. वर्गाची मोठी खिडकी पेठेकडे उघडते. उद्या शनिवार, सकाळी पेठ भरलेली असते. पाटलीणबाईही दूध घालून याच वाटेने परततात. खुर्चीवर कोण बसलंय आणि उभं कोण आहे, सगळ्यांना दिसेल. सोमवारी किती मुली येतील?

खिडकी लावून पाहिली. आत अंधार होतो. उघडली.

खुर्ची पुन्हा टेबलामागे नेली. पुन्हा पुढे आणली. शेवटी मधेच राहिली, ना इकडे ना तिकडे, आणि मी कुलूप लावून घरी आले.

घोंगडी बरोबर आणली आहे. सकाळी निघताना न्यायची की नाही, ते अजून ठरत नाही.